दवाखान्यात कॉम्प्युटर आणलाय, आता जुन्या कार्डांचं काय करू?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. चिपळूणात माझी जनरल प्रॅक्टिस आहे, आधी वडिलांची होती. दोन खोल्या, एक कंपाउंडर, सलाइन लावायला एक खाट. रोजचे साठ-सत्तर पेशंट. गणपतीत चाकरमानी आले की शंभराच्या वर.

आमची केसकार्डं वाडीनुसार लाकडी खणांत लावलेली असत. एका घराचं एक कार्ड. वडील शाईच्या पेनाने लिहायचे, मी बॉलपेनने. २२ जुलै २०२१ च्या पुरात दवाखान्यात पंख्यापर्यंत पाणी होतं. पावसाने उघडीप दिल्यावर कार्डं गच्चीवर वाळत घातली. माझं गिचमिड अक्षर शाबूत होतं, आणि वडिलांची सुबक कार्डं कोरी. नुसता फिकट निळा डाग. कोणाला पेनिसिलीन चालत नाही ते वडील लाल शाईने कोपऱ्यात लिहीत. ते सगळे कोपरे गेले.

म्हणून यंदा सॉफ्टवेअर घेतलं. डेमोला आलेल्या मुलाने दीड मिनिटात एक पेशंट संपवला. त्याचा पेशंट काल्पनिक होता, त्याला ना सून होती ना गुडघे. मला एकेकाला सात-आठ मिनिटं लागतात, दोन बोटांनी टाइप करतो. परवा एक आजी म्हणाल्या, "डागदर, माजं दुखणं त्या टीवीत हाय काय?"

हसून सोडलं असतं, पण त्याच आठवड्यात घाम फुटला. डायबेटिसच्या पेशंटला मेटफॉर्मिन द्यायचं होतं. 'मेट' टाइप केलं, खाली यादी उघडली, वरचं नाव दाबलं आणि चिठ्ठीवर छापून आलं मेटोप्रोलॉल. कंपाउंडरने पकडलं. "साहेब, ह्यांना बीपीची गोळी कधीपासून?" हाताने लिहिताना माझ्याकडून अशी चूक झाली नसती. (वेगळी झाली असती, मान्य आहे.)

तर प्रश्न असा: जी काही अडीच-तीन हजार कार्डं वाचली आहेत ती सगळी भरायची का? आणि कोणी हे गाडं खरंच रुळावर आणलंय का?

तिलारीखोरे:
सर, सगळी कार्डं अजिबात भरू नका. मी तेच केलं, एक मुलगा बसवला, त्याने चार महिने टाइप केलं आणि त्यातलं निम्मं आजवर कोणी उघडलेलं नाही. बीपी, शुगर, दमा, फिट्स, टीबी झालेले, एवढेच घ्या. तेही पेशंट समोर येईल तेव्हा. त्याचं कार्ड काढा, चार ओळी भरा: चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, ऑपरेशन, शेवटचे रिपोर्ट. बाकी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून जोडून टाका. अ‍ॅलर्जी पुन्हा तोंडी विचारा, जुन्या कार्डावर विसंबू नका.

औषधांची ती यादी बंद करा. आपली नेहमीची पन्नास-साठ औषधं ताकदीसकट स्वतः भरायची आणि मेटफॉर्मिनच्या पुढे कंसात 'शुगर' लिहायचं. छापील चिठ्ठीवर तेच उमटतं, कंपाउंडरलाही कळतं.

मी दोडामार्ग तालुक्यात असतो. २०१६ पासून इकडे माकडताप (रानातल्या गोचिडी चावून होणारा) आहे, आणि पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप). तापाच्या पेशंटसाठी मी चारच रकाने ठेवलेत: तापाचा कितवा दिवस, वाडी कोणती, काजूच्या बागेत किंवा रानात गेला होता का, शेतात चिखलात उतरला होता का. एका मोसमात एकाच वाडीचे पाच ताप दोन दिवसांत दिसले, तेव्हा लगेच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) फोन केला. कार्डांवर ते पाच जण पाच घरांत विखुरलेले राहिले असते.

वीज जाणारच. इंटरनेट नसताना चालेल असंच सॉफ्टवेअर हवं, आणि रोज रात्री हार्ड डिस्कवर कॉपी घेऊन ती डिस्क घरी न्यायची. वरच्या मजल्यावर. तुम्हाला हे मी काय सांगणार!

शृंगारतळी ते डोंबिवली:
मी डॉक्टर नाही, पेशंटचा मुलगा. आई गुहागर तालुक्यात असते. तिचं 'आभा' कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढायला गावच्या दवाखान्यात बसवलं, तर आधारचा ओटीपी आला माझ्या मोबाइलवर. मी तेव्हा लोकलमध्ये, हात वर अडकलेला. मुंब्र्याला फोन बघितला तोवर ओटीपी मेला होता. तीनदा असंच झालं, शेवटी आई उठून घरी गेली. चौदा आकडी नंबर नसला म्हणून औषध मिळायचं थांबत नाही, तो ऐच्छिक आहे, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

पण डॉक्टरसाहेब, एक विनंती. मागच्या वर्षी आईला इकडे आणलं, छातीत दुखत होतं. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या? आई म्हणाली, "एक पांढरी, एक अर्धी." तुमचं मशीन काय करायचं ते करो, पण पेशंटच्या हातात एक छापील कागद द्या.

तिलारीखोरे:
कागदाचं शंभर टक्के खरं. २०१६ च्या ईएचआर (म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आरोग्य नोंदींच्या) सरकारी मानकांतही हेच तत्त्व आहे की माहिती पेशंटच्या मालकीची, आपण फक्त सांभाळणारे. आणि सर, सॉफ्टवेअरवाल्याला एक विचाराच: उद्या तुम्हाला सोडलं तर माझे पेशंट मला कुठल्या फाइलमध्ये परत मिळतील?

वाशिष्ठीकाठ:
मंडळी, आभार. टेबल फिरवलंय, आता स्क्रीन पेशंटलाही दिसतो. आजींना त्यांचा बीपीचा आलेख दाखवला. "ह्यो डोंगर कवाचा?" मी म्हटलं, शिमग्याचा, तुम्ही गोळ्या सोडल्या होत्यात तेव्हाचा. गप्प बसल्या.

यादी बंद केली, त्रेपन्न औषधं झाली. नावांचा घोळ मात्र आहेच. एकाच वाडीत एकाच नावाच्या तिघी, म्हणून कंपाउंडर घराची खूण भरतो. 'विहिरीजवळच्या', 'पिठाच्या गिरणीवाल्या'.

डेमोवाल्याला फोन करून फाइलचं विचारलं. "सर, वरती विचारून सांगतो," म्हणाला. तीन आठवडे झाले, अजून विचारतोय.