ब्लँकेट वाटणाऱ्यांनी आधी पाड्यावर कोण उरलंय ते बघावं

वैतरणाकाठ
काल इथे एकांनी लिहिलं, "सरकार पोचत नाही तिथे संस्था पोचतात. आदिवासींचं जे काही बरं झालं ते आमच्यासारख्या छोट्या संस्थांमुळेच." सोबत पालघरमधल्या आमच्या मोखाड्यातल्या ब्लँकेटवाटपाचे फोटो. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

दिवाळी सरली की आमच्याकडची कुटुंबं बयाणा, म्हणजे मजुरीची आगाऊ उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. तुमचा टेम्पो डिसेंबरात येतो तेव्हा पाड्यावर म्हातारीकोतारी असतात. पहाटेच्या थंडीत ओली माती तुडवणारे तिकडे भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत झोपतात, तुमच्या घरापासून तासाभरावर. तिथे टेम्पो का जात नाही? मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळा लागला की आमचे पाडे टँकरची वाट बघतात. यात ब्लँकेटनं काय बदललं?

गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 'वृक्षमित्र' संस्थेच्या लोकांनी काय वाटलं? काही नाही. गावासोबत अभ्यासगटात बसले. २००९ साली गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले.

धानोरा रोड
मेंढ्याचं नाव घेता आणि तिथल्याच 'सर्च' या आरोग्य संस्थेला विसरता? बंग दांपत्याने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरोघर बाळ तपासायला जातात ते त्यातूनच. हक्काचा कागद येईपर्यंत बाळ थांबत नाही हो.

वैतरणाकाठ
ते काम मोठंच, कोण नाही म्हणतंय? पण त्यांनी बायका शिकवल्या, गाठोडी वाटली नाहीत. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

ठाणे पश्चिम
फोटो माझेच. नोकरी सांभाळून, स्वतःचं डिझेल जाळून येतो आम्ही. एका आजीने ब्लँकेट अंगावर घेतलं आणि माझ्या बायकोचा हात सोडेना. तिला जाऊन सांगा, वनहक्क मिळेपर्यंत कुडकुडत बस म्हणून. तुम्ही स्वतः काय केलंत तेवढं लिहा.

अंगणवाडीतून
दादा, आजीला ब्लँकेट मिळालं ते चांगलं झालं. पण त्याच टेम्पोतून जुन्या कपड्यांची गाठोडी येतात, ती माझ्या अंगणवाडीत टाकून जातात. चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातले शेरवानी, डाग पडलेले गाऊन. आमच्या बायका लुगडं नेसतात, त्यांनी ते कुठे घालायचं? पोरांना बसायला जागा नाही, उंदीर झालेत. गरोदर बायकांच्या आहाराचे पैसे थकतात, मी किराणा उधारीवर आणते. त्याचं कुणी विचारत नाही, गाठोडी मात्र "मोजून घ्या" म्हणतात.

डोंबिवली फास्ट
सगळ्यांना एका मापात नका मोजू. आमच्या सोसायटीत कपडे धुऊन, इस्त्री करून देतात.

अंगणवाडीतून
इस्त्रीचा गाऊनसुद्धा गाऊनच असतो, ताई.

डोंबिवली फास्ट
मग काय नवीन लुगडी घ्यायची? देणाऱ्याचा असा अपमान केलात तर उद्या कुणी देणार नाही.

वैतरणाकाठ
नका देऊ! तुमच्या कपाटात जागा करायची म्हणून आमची अंगणवाडी अडगळीची खोली झाली आहे.

धानोरा रोड
भाषा आवरा. लहान मुलांचे स्वेटर कामाला येतात, मी स्वतः घातलेले बघितलेत.

अंगणवाडीतून
स्वेटर येतात कामाला. तेवढे द्या. आधी विचारून द्या.

ठाणे पश्चिम
ठीक, पुढच्या वेळी जुने कपडे घेणार नाही. भट्ट्यांचं मला माहीत नव्हतं. जानेवारीत तिकडे वाटप ठेवू.

वैतरणाकाठ
या. पण नुसतं वाटप नको. 'विधायक संसद' संस्थेच्या लोकांनी भट्टीवरच्या पोरांसाठी भोंगा शाळा काढल्या, तसं काही करा. आणि बयाण्यातून किती कापलं, खावटी, म्हणजे खाण्यापुरते पैसे किती दिले, याचा मालकाकडे हिशोब मागा. शहरातला माणूस सोबत असला की मालक वही दाखवतो.

ठाणे पश्चिम
शाळेचं बघू. हिशोबाच्या भानगडीत आमचा ग्रुप पडणार नाही, दोन देणगीदार वीटव्यवसायातलेच आहेत.

वैतरणाकाठ
मग त्यांची नावं फोटोखाली लिहिता तशी त्यांच्या भट्टीवरची मजुरीही लिहा.