ट्रॅफिकमध्ये गाडी गरम होते, हेड खोलायचं का? लवकर सांगा

वागळे_इस्टेट
घोडबंदर रोडला गायमुखच्या आसपास अडकलो की टेंपरेचरचा काटा सरसर वर जातो. काल थेट लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. कूलंट नुकताच बदलून घेतलाय. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्या खालचं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल, बावीस हजार. शनिवारी आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय. हेड खोलू की नको? हो किंवा नाही एवढंच सांगा.

तेलकट_हात
हो-नाही कसं सांगणार? गाडी पेट्रोल की डिझेल, किती सालची? मोकळ्या रस्त्यावर काटा कुठे असतो? आणि मुख्य म्हणजे रेडिएटरचा पंखा फिरतो का?

सातारी_नाना
थर्मोस्टॅट, ती कूलंटच्या वाटेतली झडप, काढून टाका, विषय संपला. आमच्या गाडीचा केव्हाच काढलाय. भर उन्हाळ्यात खंबाटकी चढतो, काटा जागचा हलत नाही.

स्पॅनर
नाना, वडीलधारे आहात, पण हा सल्ला नवीन माणसाला देऊ नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून तो असतो. तो काढला की हायवेला इंजिन गारच राहतं, गाडी जास्त पेट्रोल ओढते, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता बायपासने, म्हणजे आडवाटेच्या नळीनेच, इंजिनात परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

सातारी_नाना
आमच्या गाडीला काही झालं नाही. पूर्वी मिस्त्री हेच करायचे आणि गाड्या वीस-वीस वर्षं चालायच्या.

वागळे_इस्टेट
थर्मोस्टॅटचं मी विचारलेलं नाही. पेट्रोल आहे, २०११ ची हॅचबॅक. हायवेला काटा निम्म्याच्या खालीच. पंख्याचं माहीत नाही, ट्रॅफिकमध्ये उतरून कोण बघणार? एसी गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे, पण त्याचा इथे काय संबंध.

तेलकट_हात
अहो, तोच तर संबंध आहे! बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच सुरू होतो. तुमचा एसी बंद, त्यामुळे पंखा मेला असेल तरी तुम्हाला कळायचं नाही. हायवेला समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, सिग्नलला ते काम एकट्या पंख्याचं. हेडला हात लावू देऊ नका अजून.

मीरा_डोंबिवली
गॅस्केट गेलं असेल तर खुणा दिसतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर जातच राहतो, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरते, कूलंट कुठेही न गळता कमी होतो. यातलं काही आहे का? माझ्या भावाने ऐकीव निदानावर हेड खोलून घेतलं होतं. शेवटी निघाला वॉटर पंप.

भटक्या
मी तर म्हणतो शनिवारी गाडी नेऊच नका. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसा, सकाळी कोल्हापूर. आईबाबांनाही आराम. आणि देवळाकडे पार्किंग मिळत नाही ते वेगळंच.

वागळे_इस्टेट
गाडीनेच जायचंय, आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. धूर नाही, ऑइल स्वच्छ आहे. पंखा कसा तपासू ते सांगा.

तेलकट_हात
इंजिन गार असताना बॉनेट उघडून पाती हाताने फिरवा, सैल फिरली पाहिजेत. मग मोकळ्या जागी गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि लांबून बघत राहा. काटा निम्म्याच्या वर गेला तरी पंखा लागला नाही तर गाडी बंद करा. आधी फ्यूज बघा. नंतर पंख्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून हॉर्नचा त्याच नंबरचा रिले तिथे बसवून बघा. तरीही नाही लागला तर मोटरचा प्लग काढून बॅटरीवरून थेट करंट द्या, मधे फ्यूज घालून. तारा लावताना हात पात्यांपासून लांब. थेट करंटवर फिरला तर मोटर ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली.

स्पॅनर
आणि गरम असताना रेडिएटरची टोपी अजिबात उघडू नका. आत साधारण एक बार दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरच्या वर वीसेक अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी सैल केली की दाब उतरतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. वाटेत काटा चढला तर हीटर फुल लावा, जागा दिसेल तिथे बाजूला घ्या.

वागळे_इस्टेट
फ्यूज ठीक. रिले बदलून फरक नाही. थेट करंट दिला तर पंखा नुसता थरथरला. मोटरला पान्याच्या दांड्याने टकटक केलं तेव्हा फिरला, थोड्या वेळाने परत बंद.

तेलकट_हात
मोटरच्या आतले ब्रश, फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे, झिजलेत. ही मोटर भरवशाची नाही, पूर्ण पंखा बदला. बावीस हजारांच्या जवळपासही खर्च जाणार नाही.

सातारी_नाना
पंखा थेट स्विचवर घ्या, डॅशबोर्डला बटण. कायमचं सुख.

स्पॅनर
बटण दाबायला विसरलं की इंजिन गेलं. नको. वागळे, नवीन पंखा बसवताना रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधली फट टॉर्च लावून बघा, २०११ च्या गाडीत तिथे धूळ गच्च बसलेली असते. आणि कूलंट बदलल्यावर त्यात अडकलेली हवा काढली होती का? गॅरेजवाल्याने ते केलं की नाही, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.