नववीच्या मुलीला बीजगणितासाठी क्लास किंवा पुस्तक सुचवा (कसबा बावडा, महिना ८०० पर्यंत)

यार्डातला:
नमस्कार मंडळी. लेक नववीला आहे, सेमी इंग्लिश. भूमिती बरी जमते, पण बीजगणित म्हटलं की पोटात गोळा. घटक चाचणीत २० पैकी ६. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. दिवसभर आकडेच लिहितो, पण क्ष आला की माझंही डोकं बंद. बजेट महिना ८००, त्याच्यावर एक रुपया नाही. बावड्यातनं सायकलनं जाता येईल असं कुणी शिकवणारं सांगा, नाहीतर चांगलं पुस्तक. टॅब, ॲप नको. घरात फोन एकच आहे.

रंकाळा_वॉक:
आम्ही राजारामपुरीत लावलाय. वर्षाला ४२ हजार, पण हॉल एसी आहे आणि दर रविवारी टेस्ट. मुलाला गणितात ९६ पडले. ८०० मध्ये आजकाल काही मिळत नाही हो.

विषय_हार्ड:
भावा, सरळ टॅब घे. मी ३८ हजारांचा घेतला. पोरगं आपणहून अभ्यासाला बसतंय. नाद खुळा.

केएमटी_पास:
टॅबचं नाव निघालं म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक ॲपवाला घरी आला. पोराला पाच प्रश्न विचारले, "बेसिक फार कच्चं आहे मॅडम" म्हणून बायकोला रडवलं आणि जाताना माझी सही घेऊन गेला. ते कर्ज होतं हे पहिला हप्ता कापल्यावर कळलं. पोरानं चार व्हिडिओ बघितले. हप्ते अजून चालू आहेत.

विषय_हार्ड:
तुमचं पोरगं बघत नाही त्यात टॅबचा काय दोष?

केएमटी_पास:
मी ॲपबद्दल बोलतोय. वाचत जावा की जरा.

पन्हाळा_रोड:
सगळा घोळ सेमीचा. आम्ही 'सहगुणक', 'बहुपदी' म्हणत शिकलो, शब्दातच अर्थ कळायचा. आता कोएफिशंट म्हणे. घरात कुणाला विचारायचं पोरांनी? आणि आम्हाला १५० पैकी मार्क असायचे, कळलं का.

गणिताच्या_बाई:
दादा, मी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. क्लास, पुस्तक राहू दे. आधी मुलीच्या वहीतलं एक चुकलेलं गणित इथे उतरवा. तिनं केलं तसंच, दुरुस्त न करता. "बीजगणित कच्चं" हे काही दुखण्याचं नाव नव्हे.

यार्डातला:
हे घ्या. वहीत एक्स आहे, मी क्ष लिहितो.

७ − २(क्ष − ३) = ५
७ − २क्ष − ६ = ५
१ − २क्ष = ५
क्ष = −२

शाळेत लाल फुली मारलीय. बाकी काही लिहिलेलं नाही.

विषय_हार्ड:
एवढं सोपं? ७ मधनं २ गेले, राहिले ५. म्हणजे ५(क्ष − ३) = ५. कंसाचं उत्तर १, क्ष = ४. विषय संपला.

रंकाळा_वॉक:
४ बरोबर आहे. मुलाला विचारलं.

गणिताच्या_बाई:
उत्तर ४ बरोबर, रीत साफ चूक. लॉटरी लागली तुम्हाला. तो २ कंसाला गुणलेला आहे, आधी ७ मधून वजा होत नाही. आता उजवीकडच्या ५ च्या जागी ९ घ्या. तुमच्या रीतीनं क्ष ४.८ येतो. खरं उत्तर २. ताळा करून बघा: कंसात २ − ३ म्हणजे −१, त्याची दुप्पट −२, ७ मधून −२ वजा केले की ९.

दादा, तुमची लेक हुशार आहे. क्ष नेला नीट, भागाकार नीट. फक्त कंसापुढे वजा आला की आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह ती बदलत नाही. तिला असं विचारा: खिशात ७ रुपये. दोन पोरांना प्रत्येकी क्ष द्यायचे ठरले, पण तू प्रत्येकाला ३ कमी दिलेस. मग खिशात ठरल्यापेक्षा ६ जास्त राहिले की ६ कमी? म्हणून + ६.

आणि प्रत्येक उत्तर परत समीकरणात घालून बघायला लावा. −२ घातलं असतं तर ५ ऐवजी १७ आले असते आणि चूक तिचीच तिला सापडली असती. बालभारतीच्या पुस्तकातली रोज पाच गणितं, पंधरा दिवस, तुम्ही शेजारी बसून. क्लास लावू नका.

मिरजकर_तिकटी:
बाईंचं उदाहरण जुनंच आहे बरं का. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असेच नियम दिलेत. आणि भास्कराचार्य, ११५०, अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणायचे. दुसरी आली की कालक, मग नीलक, पीतक. रंगांची नावं! क्ष वगैरे फार नंतरचं.

पन्हाळा_रोड:
बघा, सगळं आपल्याकडंच होतं. म्हणून म्हणतो मराठी माध्यम.

केएमटी_पास:
यावत्तावत् लिहिलं तर पेपरात मार्क देणार का?

उचगाव_फाटा:
पूर्ण धागा वाचला नाही. बालभारतीचं पुस्तक करून घ्या, त्यांच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. दहावीला भाग १ बीजगणित ४०, भाग २ भूमिती ४०, अंतर्गत २०. भूमिती चांगली असेल तर पास व्हायचं टेन्शन नाही.

गणिताच्या_बाई:
पास व्हायचं विचारलंय कुणी?

यार्डातला:
सगळ्यांचे आभार, विशेष करून बाईंचे. काल रात्री दुकानातनं आल्यावर बसलो. खिशातल्या पैशाचं सांगितलं तर म्हणते, "पप्पा, पण ठरलेलं असताना तीन कमी का दिले?" अर्धा तास त्याच्यावरच गेला. नंतर ५ गणितांतली ३ बरोबर आली. चौथ्यात परत तेच चिन्ह, पण ताळ्यात तिचं तिलाच सापडलं. पाचव्याला माझाच डोळा लागला.

बाई, रागावू नका, क्लास लावला. गल्लीतली मैत्रीण जात्या, दोघी एकाच सायकलवर जातील. महिना १२००. शेवटी तिनंच ठरवलं, माझं कोण ऐकतंय.

गणिताच्या_बाई:
तिथे ताळा करून घेतात का, तेवढं आठवड्यानं वही उघडून बघा.

विषय_हार्ड:
१२०० महिना म्हणजे वर्षाला १४ हजार ४००. तीन वर्षांत टॅब आला असता.

शाहूपुरी_३री_गल्ली:
अबॅकस लावा. पुतण्याला लई फरक पडला. तो दुसरीत आहे.