उपवनच्या काठावरचा दोन तारांचा तानपुरा

तीनहातनाका
काल इथेच कुणीतरी लिहिलं की शास्त्रीय गायकांनी फोटोत जरा 'ग्लॅमर' आणावं, तरच तरुण पोरं येतील. डोकंच फिरलं, म्हणून हे लांबण. गेल्या महिन्यात ठाण्यात एका मैफलीचं बॅनर लागलं होतं. उपवन तलाव, मावळता सूर्य, गायिकेची नजर आभाळात, हातात तानपुरा. चारपैकी मधल्या, जोडीच्या दोन तारा गायब! कडेच्या पंचम आणि खर्ज या दोनच तारा उरलेल्या. वर डाव्या हाताची बोटं दांडीवर दाबलेली, जणू तिथे सतारीसारखे पडदेच आहेत. गायक राम मराठ्यांच्या ठाण्यात हे? छायाचित्रकार रघु राय यांनी काढलेले बिस्मिल्ला खाँ, भीमसेन बघा जरा. माणूस सुरात बुडालेला दिसतो.

वाशीवाली_सा
काका, मी गाते, म्हणून सांगते. आयोजकांचा पहिला मेसेज: 'फोटो पाठवा, एक उभा, एक चौकोनी.' रेकॉर्डिंग कुणी मागत नाही. मी एकदा तुमच्या आवडीचा, सुरात बुडालेला पाठवला होता. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हात हवेत. फोन आला, 'ताई, दुसरा आहे का? यात दाढ दुखत असल्यासारखं वाटतंय.' मग आठ हजार मोजून शूट केलं. गाणं तेच. तीन महिन्यांत दोन कार्यक्रम मिळाले.

घोडबंदरकर
भीमसेनांचा गातानाचा एक तरी फोटो देखणा आहे का? अडलं का त्यांचं?

वाशीवाली_सा
त्यांना लोकांनी आधी रेडिओवर ऐकलं, चेहरा नंतर पाहिला. आमचं उलटं आहे. आणि जुने लोक साधे होते हे कुणी सांगितलं? स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे, फेटा बांधून, छातीवर पदकांची रांग लावून फोटो काढून घ्यायचे. बालगंधर्वांच्या साड्या-दागिने बघून तर घरोघरच्या बायका नटायच्या. तेव्हा ती कला, आता आम्ही केलं की थेर.

मिरजेचा_भोपळा
दोन तारा नव्हत्या म्हणून रडताय? निदान तानपुरा होता! हल्ली मंचावर फोन ठेवतात आणि तानपुऱ्याचं ॲप चालू करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. विकत किती जणांनी घेतला? जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, काढायला कारागीर घोडी किती वेळ घासत बसतो, पाहिलंय कधी? ॲपच्या सुरावर गाणं म्हणजे पाकिटातल्या मसाल्याची मिसळ.

घोडबंदरकर
विषय फोटोचा आहे.

मिरजेचा_भोपळा
विषय खोटेपणाचा आहे. फोटोत तानपुरा, मंचावर ॲप.

वाशीवाली_सा
तुम्ही संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये तानपुरा घेऊन चढलाय कधी? मी चढलेय. ऐरोलीला एका बाईंनी कवर बघून उशी समजून पिशवी टेकवली. कट्ट आवाज झाला. भोपळ्याला हा एवढा तडा. मिरजेला पाठवला, चार महिने लागले, आणि बिल आलं त्या मैफलीच्या मानधनापेक्षा जास्त. तेव्हापासून ॲप. नावं ठेवायची तर ठेवा.

मिरजेचा_भोपळा
परवडत नसेल तर गाऊ नका.

वाशीवाली_सा
तुम्ही तिकीट काढून येता की पासवर, ते आधी सांगा.

घोडबंदरकर
😂 पासवरच. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत असतात हे.

मिरजेचा_भोपळा
वैयक्तिक होऊ नका. तो पास गुरुबंधूने दिला होता.

तीनहातनाका
बरं बाई, लोकलचं मान्य. आठ हजारांचं निम्मं मान्य, कारण मीही त्या बॅनरखाली थांबलो, फोटो नसता तर थांबलो नसतो. (लगेच खूश होऊ नका, मैफलीला गेलो नाही.) पण दांडीवर बोटं का? ते सांगा कुणीतरी.

वाशीवाली_सा
माझ्याही शूटला तेच झालं, काका. फोटोग्राफर म्हणाला, 'मॅडम, डावा हात रिकामा दिसतोय, वर काहीतरी पकडा ना.'