मांड्यांवर खळगे पडलेत, रोज धावूनही जात नाहीत. काय करू?

कोरेगावकर_२२

नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातली, वय २२. जूनपासून साताऱ्यात सदर बझारला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतेय. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, तिन्हींचा सराव पहाटे साडेपाचला सुरू होतो. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ५७ किलो. म्हणजे मी जाड नाही.

तीन आठवड्यांपूर्वी माझं पाऊल कसं पडतं ते बघायला मैत्रिणीने मागून व्हिडिओ काढला. पाऊल बघायचं राहिलंच, मला मांड्यांच्या मागचे खळगे दिसले. संत्र्याच्या सालीसारखे. मांडी आवळली की आणखी वाढतात. दुखत नाही, खाजत नाही. नेटवर बघितलं तर याला सेल्युलाईट म्हणतात असं कळलं. तेव्हापासून शॉर्ट सोडून जाड ट्रॅक पँट घालते. ती घामाने भिजते, मांड्या घासून लाल होतात, आणि ८०० चा टाइम ३ मिनिटं २ सेकंदांवरून ३ मिनिटं ११ वर गेलाय.

खोलीतली मैत्रीण म्हणते, मांडीला प्लास्टिक गुंडाळून धाव. पार्लरमध्ये मशीनची दहा सिटिंग सांगितली, १८ हजार. ऑनलाइन कॉफीचं क्रीम आहे, बाराशेचं. मी सध्या रात्रीची भाकरी बंद केलीय. वडिलांकडे १८ हजार मागायची हिंमत नाही, आणि कशासाठी हवेत हे सांगायची तर मुळीच नाही. हे जातं का? कुणाला खरंच फरक पडलाय का?

शाहूपुरी_धावते

मलाही आहेत. वय ३१. चार वेळा सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावलेय, यवतेश्वरचा घाट चढून उतरलेय, तरी आहेत. प्लास्टिक अजिबात गुंडाळू नकोस. त्याने फक्त घाम जातो, चरबी नाही, आणि उन्हात चक्कर येऊन पडशील. घासण्यासाठी: गुडघ्याच्या थोडी वर येणारी घट्ट सायकलिंग टाइट्स घे, धावण्याआधी आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली लाव. टाइम आधी परत आण, बाकीचं सावकाश.

न्हाऊमाखू_गोडोली

बाळा, तुझं वाचून झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले. लेकीने टाइप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर समजून घे.

मी गेली १९ वर्षं साताऱ्यात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालते. करंजे, गोडोली, शाहूपुरी, कुठे कुठे जाते. दिवसाला तीन घरं, प्रत्येकी चाळीस दिवस, काही ठिकाणी तीन महिने. आता हिशेब कर, किती जणींच्या मांड्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. शिक्षिका, शेतात राबणाऱ्या, बँकेतल्या, एक कबड्डी खेळलेली, एक तर इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. दहात आठ-नऊ जणींना हे खळगे असतात. ज्यांना नसतात त्यांच्या आयांनाही बहुतेक नसतात, हे मी घराघरात बघितलंय. तुला वाटतं मैदानावर तुझ्या एकटीच्या मांड्या तशा आहेत. तसं नाही गं. बाकीच्या ट्रॅक पँट घालून आहेत एवढंच.

आता खरं ते सांगते, आणि हे माझ्या पोटावर येणारं आहे. मालीशने हे जात नाही. मालीश झाली की तास-दोन तास मांडी गुळगुळीत दिसते, कारण साचलेलं पाणी सरकतं, रक्त वर येतं, तेलाची चमक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी खळगे तिथल्या तिथे. सहा वर्षांपूर्वी एका बाळंतिणीने खास मांड्यांच्या मालीशीचे महिन्याला तीन हजार जास्त दिले होते. मी घेतले. तीन महिने रोज तिळाचं तेल, खालून वर, वीस-वीस मिनिटं. शेवटी ती आरशासमोर उभी राहिली आणि रडली. ते पैसे घेतल्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कुणी विचारलं की आधीच सांगते, थकवा जाईल, त्वचा मऊ होईल, झोप चांगली लागेल, पण खळग्यांसाठी पैसे देऊ नका.

पुढे माझ्याकडे एक बाळंतीण आली ती स्वतः त्वचेची डॉक्टर. तिने मला समजावलं. कापसाची गादी बघितली आहेस ना? पिंजारी दाभणाने आरपार टाके घालतो. जिथे टाका ओढला तिथे खळगा, दोन टाक्यांच्या मधे कापूस फुगतो. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि कातडीला खालच्या थराशी बांधणारे धागे त्यातून उभे जातात. तेच टाके. चरबी वर ढकलते, धागा खाली ओढतो. पुरुषांच्या अंगात हे धागे बाजेच्या विणीसारखे तिरके, एकमेकांत गुंतलेले असतात, शिवाय त्यांची कातडी जाड, म्हणून त्यांना क्वचित दिसतं. आपल्याला वयात आल्यावर सुरू होतं, बाळंतपणानंतर वाढतं, पाळी जायच्या सुमारास आणखी. म्हणजे हा आजार नाही, घाण साचलेली नाही, ‘अंगातलं विष’ वगैरे तर काहीच नाही. बाईच्या शरीराची बांधणीच तशी.

मग करायचं काहीच नाही का? करायचं. जात नाही, पण कमी दिसतं, आणि ते मी माझ्या अंगावर बघितलंय.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन ७१ होतं. अडतिसाव्या वर्षी मी तुझ्यासारखंच केलं, रात्रीचं जेवण सोडलं. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. खळगे मात्र जास्त दिसायला लागले! चरबीबरोबर मांडीचं मांसही गेलं होतं आणि कातडी सैल पडली होती. गादीतला कापूस काढला आणि खोळ तेवढीच राहिली, तसं. म्हणून तुला हात जोडून सांगते, रात्रीची भाकरी आजच सुरू कर. तू पहाटे धावणार, गोळा फेकणार, ती ताकद येणार कुठून? भाकरी, मटकीची उसळ, दोन अंडी, वाटीभर दही. अंडं चालत नसेल तर हरभरा, शेंगदाणे. वजन कमी करायची तुला गरजच नाही.

माझ्यात फरक पडला तो बैठकांनी. माझा भाऊ तालमीत जायचा, त्याच्याकडून शिकले. गुडघा पुढे न ढकलता आधी बसायची जागा मागे न्यायची, खुर्चीवर बसतो तशी, टाच जमिनीला घट्ट. आठवड्यातून तीन दिवस, बारा-बाराचे तीन डाव. महिन्याने पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून. त्याबरोबर पाठीवर झोपायचं, गुडघे मोडायचे, टाचा रोवून कंबर वर उचलून पाच अंक मोजायचे. आणि जिना: एक पायरी सोडून चढायचं, मागचा पाय ढकलायला वापरायचा नाही. रविवारी अजिंक्यताऱ्याची चढण. धावण्याने पाय काटक होतो, पण मांडीच्या मागचं आणि बसायच्या जागेचं मांस भरायला वजन उचलावं लागतं. ते भरलं की वरची कातडी ताणून बसते. तुझ्या गोळाफेकीलाही हीच ताकद लागते, म्हणजे वेगळा वेळ काढायला नको.

सात महिने लागले. उभी राहिले की आता डाव्या मांडीवर दोन-तीन पुसट दिसतात, उजवीवर एखादा. मांडीवर मांडी टाकून बसले की पहिल्याइतकेच दिसतात. हेही सांगायला हवं.

एक गोष्ट मुद्दाम: फोटो काढणार असलीस तर एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला काढ. उजेड बाजूने आला की प्रत्येक खळग्याला सावली पडते, समोरून आला की अर्धे नाहीसे होतात. पहाटेचं मैदानावरचं ऊन आडवं असतं. तुझा व्हिडिओ त्यातलाच असणार.

त्वचेला रोज अंघोळीनंतर ओलसर अंगावर साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल. कोरडी कातडी असली की सगळं जास्त उठून दिसतं. कॉफीच्या क्रीममधलं कॅफीन काही तास कातडी जरा आवळल्यासारखी दाखवतं, लावणं थांबवलं की संपलं. बाराशे रुपयांत महिनाभराची अंडी येतील आणि वर पैसे उरतील. डॉक्टरताईंनी एकाच लावायच्या औषधाबद्दल बरं सांगितलं होतं, ०.३ टक्के रेटिनॉल. रात्री लावायचं, किमान सहा महिने, तेव्हा कातडी थोडी जाड होते आणि खळगे थोडे झाकतात. पण सुरुवातीला आग होते, उन्हात त्या जागेला सनस्क्रीन लागतं, आणि पोटात बाळ असताना किंवा त्याचा विचार असताना लावायचं नाही. माझ्या बाळंतिणींना तर मी हे नावही घेऊ देत नाही. तू घेणार असलीस तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. लिंबू आणि खायचा सोडा मात्र लावू नकोस. एका मुलीने लग्नाआधी लावला होता, हळदीच्या दिवशी मांड्यांवर काळे चट्टे होते.

मिरज_वॉर्ड_सिस्टर

वरच्या ताईंनी फार चांगलं लिहिलंय. दोनच गोष्टी जोडते, कारण नावाच्या गोंधळाने माणसं अडचणीत येतात.

सेल्युलाईट वेगळं आणि सेल्युलायटिस वेगळं. दुसरा जंतुसंसर्ग आहे. एकाच पायाला, अचानक, लाल, गरम, सुजलेलं, हात लावला तरी दुखतं, कधी थंडी-ताप. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं त्यानंतर पायाला साधी चीर पडलेली कितीतरी माणसं अशी यायची, आणि बरीच जणं घरी चार-चार दिवस हळद बांधून थांबलेली. तसं झालं तर मालीश नाही, शेक नाही, त्याच दिवशी दवाखाना. प्रश्न विचारणाऱ्या ताई, तुमच्या मांड्या घासून लाल होतायत ना, ती जागा फुटू देऊ नका, तिथूनच जंतू आत जातात. आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत सारखे जाड, पावलं मात्र बारीक, दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं, असं असेल तर तो लिपेडेमा, म्हणजे पायांत चरबी साचत जाण्याचा आजार, असू शकतो. तोही दाखवायचा. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

मशीनबद्दल: दहा सिटिंगनंतर थोडा फरक दिसू शकतो, पण तो टिकवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. सुईने ते धागेच तोडायची एक पद्धत आहे, तिचा परिणाम जास्त टिकतो, पण ती पार्लरची गोष्ट नव्हे, तज्ज्ञ डॉक्टरांची. अमेरिकेत २०२० मध्ये यासाठी एका इंजेक्शनला मंजुरी मिळाली होती. पुढे दोन-अडीच वर्षांत कंपनीनेच विक्री बंद केली, कारण मोठे काळेनिळे डाग पडत होते आणि काहींचे लवकर जात नव्हते. इतके पैसे आणि इतकी बुद्धी लावूनही याला अजून साधा उपाय निघालेला नाही. पार्लरवाल्या बाईंनी ‘पूर्ण जाईल’ असं लेखी दिलं तर बघा.

कोरेगावकर_२२

पाच महिन्यांनी परत लिहितेय, मधे सराव आणि पाऊस यात वेळ झाला नाही.

भाकरी त्याच रात्री सुरू केली. आमच्या अकॅडमीतल्या सरांना बैठकांचं विचारलं, त्यांनी गोळ्याच्या सरावात वजन घेऊन बसवल्या. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल होता म्हणून बिल्डिंगचा जिना, तीन मजले, दिवसाला आठ वेळा. वजन ५९ झालं. गोळा आधीपेक्षा जवळजवळ एक मीटर लांब जायला लागला. ८०० आता २ मिनिटं ५४ सेकंद.

खळगे आहेत. खिडकीपाशी दर पंधरा दिवसांनी फोटो काढले. उभी असताना उजवीकडचे बरेच पुसट झालेत, डावीकडे फार फरक नाही. रेटिनॉल घेतलं नाही, रोज खोबरेल लावते. टाइट्स घालते, पण त्या गुडघ्याच्या बऱ्याच वर आहेत आणि मागून थोडं दिसतं. पहिल्या दिवशी सगळ्या बघताहेत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजूच्या लेनमधली मुलगी म्हणाली, तुझ्या टाइट्स कुठून घेतल्या, मलाही हव्यात, माझ्या मांड्या घासतात.

ताई, एक विचारायचं होतं. डाव्या बाजूला फरक का नसेल? मी गोळा उजव्या हाताने फेकते.

न्हाऊमाखू_गोडोली

उजव्या हाताने फेकतेस म्हणजे जोर उजव्या पायावर बसत असेल. मला त्यातलं फार कळत नाही, सरांना विचार. पण एका पायावरच्या बैठका करून बघ, भिंतीला हात टेकवून, डाव्या पायाला दोन डाव जास्त. पायरी चढतानाही आधी डावा पाय ठेव.

दोन्ही अंगांत थोडा फरक राहतोच, माझ्यातही आहे. मैदानी परीक्षेची तारीख आली की इथे टाक. सकाळी आठपर्यंत मी बाळंतिणीकडे असते, त्यानंतर मोकळी. मैदानावर येते डबा घेऊन.