मदत हवी आहे : गुणांच्या रकान्यात 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे 'आकडाच नाही') शिरलाच कसा?

नमस्कार मंडळी. भावाच्या क्लाससाठी गुण नोंदवायचा छोटासा प्रोग्रॅम करतेय. आधी सी भाषेत केला होता. आकड्याऐवजी चुकून अक्षर दाबलं आणि 'गुण टाका, गुण टाका' असा स्क्रीनभर पूर. शेवटी कंट्रोल-सी दाबून बंद केला. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की स्कॅनएफला (सी मधलं, टाईप केलेलं वाचणारं फंक्शन) आकडा सापडला नाही तर ते अक्षर तो गिळत नाही, तिथंच ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा त्यालाच अडखळतो. किती किमती वाचल्या हे तो सांगत असतो, मीच बघत नव्हते. कुणाला न विचारता सापडलं, म्हणून जरा शेफारले होते.

आता पायथन. इंटला (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) देवनागरी '१२' दिलं तरी मुकाट घेतो (हे फार आवडलं!), 'बारा' दिलं की व्हॅल्यूएरर, म्हणजे 'ही किंमत चालत नाही' अशी तक्रार. अर्धे गुणही असतात, म्हणून इंटऐवजी फ्लोट (दशांश आकडे घेणारं) केलं. अट अशी : ० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर नाकार. भावानं गंमत म्हणून एन-ए-एन ही तीन इंग्रजी अक्षरं टाकली, ती सरळ आत! वर्गाची सरासरीही नॅन.

माझा तर्क : नॅन कशापेक्षा कमीही नाही आणि जास्तही नाही, म्हणून दोन्ही अटींतून निसटतो. मग '० ते १०० मध्ये असेल तरच घे' अशी उलटी अट पुरेल का? की अजून काही सुटतंय?

तयार कोड नको, प्लीज. नुसता इशारा द्या. आणि अशा वेळी तुम्ही कागदावर आधी काय मांडता, तेही सांगा.