ज्युलियन बाँड वीस वर्षं आमदार होते, पण केलं काय?

निशिगंध: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या या कृष्णवर्णीय आमदाराचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. १९६५ मध्ये पंचविशीत निवडून आले. 'एसएनसीसी' या विद्यार्थी संघटनेने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काढलेल्या पत्रकाला त्यांनी पाठिंबा दिला, म्हणून जानेवारी १९६६ मध्ये विधानसभेने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना बाहेर ठेवलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने परत बसवलं. छानच. पण त्या एका वर्षाच्या पुण्याईवर ते १९८७ पर्यंत, आधी विधानसभेत आणि मग राज्याच्या सिनेटमध्ये, बसून राहिले असं माझं मत. नाव देशभर, भाषणं देशभर. घरच्या मतदारसंघाचं काय?

काळा कोट: 'छानच' म्हणून उडवू नका हो. विधानसभेचा युक्तिवाद वाचा. हा माणूस सक्तीच्या लष्करभरतीला विरोध करणाऱ्यांचं कौतुक करतो, म्हणजे राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ मनापासून घेऊच शकत नाही! बाँड शपथ घ्यायला तयार होते. पण समोरच्याच्या मनात काय आहे हे बहुमताने ठरवायचं म्हटलं, तर नकोसा कोणताही आमदार घरी पाठवता येईल. सरन्यायाधीश वॉरन यांनी हेच रोखलं. आमदाराला साध्या नागरिकापेक्षा कमी भाषणस्वातंत्र्य नाही, उलट वादाच्या विषयांवर बोलणं हे त्याचं कामच. आणि मधल्या काळात मतदारांनी काय केलं? त्यांनाच पुन्हा निवडून दिलं.

निशिगंध: निकाल मोठा, मान्य. पण सभागृहात कामं करून घ्यायची तर माणसं जोडावी लागतात. बाँडना त्यात रस दिसत नाही.

पारावरचा: १८४ जणांनी हाकललेल्या माणसाने आत येताच त्यांच्याच गळ्यात गळा घालायचा? काहीही! १९६८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा वय २८. घटनेनुसार ३५ लागतं, म्हणून नाव मागे घेतलं. अशा माणसाला देशभर बोलावणार नाहीत तर काय? आणि सिनेटमध्ये असताना अटलांटाची काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) जागा कृष्णवर्णीय बहुसंख्य व्हावी म्हणून मतदारसंघाच्या फेररचनेत भांडले ते हेच. मला तर त्यांचं सगळ्यात ठोस काम तेच वाटतं.

निशिगंध: वा, माझाच मुद्दा पुढे नेलात! १९८६ मध्ये त्याच जागेवर जॉन लुइसनी त्यांना पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत पाडलं. पहिल्या फेरीत बाँड ४७ टक्के, लुइस ३५. दुसऱ्या फेरीत लुइस ५२. लुइस म्हणजे नागरी हक्क चळवळीतला जुना दोस्त, दिसायला-बोलायला साधा. लोकांनी राबणारा निवडला.

काळा कोट: 'लोकांनी' म्हणजे कोणी? बहुसंख्य कृष्णवर्णीय मतं बाँडनाच होती, लुइसना तारलं गोऱ्या मतदारांनी. शिवाय त्या प्रचारात लुइसनी मित्रालाच अमली पदार्थांच्या चाचणीचं आव्हान दिलं. राबण्याशी त्याचा काय संबंध?

निशिगंध: गोऱ्यांची मतं मोजायची नाहीत का? पंचवीस वर्षं एकत्र नांदण्याची भाषा करून ती मतं मिळवता आली नाहीत, हे बाँडचंच अपयश.

पारावरचा: आणि पुढे १९९८ ते २०१० 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं, तेही अपयशच का?

निशिगंध: ते आमदारकीच्या खात्यावर जमा करू नका. धागा आमदार बाँडवर आहे.